मिस्त्रींच्या हातून जळलेली वायरिंग

गाडी दुकानासमोर लागली की दुसरा कुठलाही वायरमन आधी बोनेट उघडतो. आमचे मिस्त्री आधी सायकल काढत.

तुम्ही म्हणाल, ट्रकच्या दिव्यांचं काम आणि सायकल कशाला? मीही पहिल्यांदा हेच म्हटलं होतं, वर हसलोही होतो. दिवेलागणीची वेळ होती. मिस्त्रींनी मला गाडीत बसवलं, दिवे लावून ठेव म्हणाले, आणि सायकलवर टांग मारून वडसा रस्त्याने निघून गेले. दूरच्या बाभळीपाशी वळले आणि माझ्या दिव्यांकडे पाहत सावकाश परत आले. आले ते एक डोळा मिटूनच.

"मिर्ची फेकून राहिला का तू लोकायच्या डोयात?" एवढं बोलून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि डावा दिवा दोन बोटं खाली वळवला.

हे त्यांचं ठरलेलं होतं. दिव्याची परीक्षा समोरून येणाऱ्याने करायची. चालवणाऱ्याला विचारलं तर तो आणखी पाहिजे असंच म्हणणार, त्याचं पोट कधी भरणार नाही, असं त्यांचं मत. आणि आमच्या लाखांदूरकडच्या रस्त्यावर समोरचा म्हणजे तरी कोण? धानाचे भारे लादलेली बिनदिव्याची बैलबंडी, धानशेताच्या बांधीतून घरी निघालेल्या बाया, नाहीतर सायकलला दुधाची कॅन लटकवलेला एखादा माणूस. एका सायकलवाल्याचे डोळे दिपले आणि तो नालीत गेला तर तुझ्या त्या उजेडाला काय चाटायचं आहे, असं ते विचारत.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सायकलला दिवा नव्हता. साऱ्या तालुक्याच्या गाड्यांना उजेड देणारा माणूस, आणि याच्या सायकलला साधा डायनामो नाही. मी एकदा चिडवलं. तर म्हणाले, "मीच दिवा लावला त तुमचा दिवा मले कसा कळन?" गोष्ट खरी होती. मी गप्प बसलो, आणि मला ओळखणाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील की मी सहसा गप्प बसणाऱ्यांतला नाही.

दुकान म्हणजे टिनाचं छप्पर. बाजूला सोसायटीचं धान साठवायचं गोदाम. गोदामाच्या मागच्या भिंतीवर मिस्त्रींनी गेरूने आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. गाडी भिंतीपासून ठरावीक पावलांवर उभी करायची, दिवे लावायचे, आणि उजेडाची वरची कड कुठल्या रेघेला लागते ते पाहायचं. सोसायटीने दर दोन-तीन वर्षांनी भिंतीला चुना मारावा आणि मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेरू कालवावा. शेवटी चुना मारणाऱ्यानेच तेवढी भिंत सोडायला सुरुवात केली.

मी जातीने ते काम पाहत बसे. घाई नसायची. आधी काच उतरवून आतला रिफ्लेक्टर पाहायचे. तो काळा पडला असेल तर कितीही मोठा बल्ब लावा, उजेड आतल्या आतच मरतो. मग वायर. जुन्या ट्रकमध्ये बॅटरीतून निघालेला करंट स्विचमध्ये फिरून दमूनभागून दिव्याशी पोहोचतो. मिस्त्री मध्ये रिले टाकत, बॅटरीपासून सरळ जाड वायर आणत, फ्यूज लावत. तोच बल्ब मग असा लागे की आपण इतकी वर्षं कंदील लावून गाडी हाकत होतो की काय असं वाटावं.

फॉग लाइटवरून तर रोज वाद. पोरंसोरं ड्रायव्हर म्हणत, केबिनच्या डोक्यावर चार लावून द्या, शान दिसते. मिस्त्री म्हणत, वरच लावायचे असतील तर गाडी वरातीत ने, धान कशाला वाहतोस. ज्यांनी आमच्याकडचं पौष महिन्यातलं धुकं पाहिलं नाही त्यांना हे कळायचं नाही. तलाव आणि ओल्या बांध्या, वर वैनगंगा जवळ. पहाटेला रस्ता असा गायब होतो की बोनेटसुद्धा दिसू नये. त्या धुक्यावर अप्पर, म्हणजे लांबचा दिवा, मारला तर समोर नुसती चुन्याची भिंत उभी राहते. म्हणून फॉग लाइट बम्परच्या खाली, पिवळ्या काचेचे, जमिनीला धरून. उजेड धुक्याच्या खालून सरकला पाहिजे. हे ते दर हिवाळ्यात नव्याने समजावत आणि दर हिवाळ्यात कुणीतरी दिवे डोक्यावर लावून मागे.

पण त्यांचा खरा राग एकाच गोष्टीवर होता. पातळ वायरीवर मोठा बल्ब. दुकानातून शंभर वॅटचा बल्ब आणायचा, जुन्या होल्डरात ठोसायचा आणि निघायचं. चार दिवसांत होल्डर वितळतो, आठव्या दिवशी वायरिंग पेटते. अशी जळकी गाडी आली की मिस्त्री ती वायर हातात धरून आधी ज्याने ते काम केलं त्याचा उद्धार करत, मग कामाला लागत. आणि शेवटी हमखास म्हणत, "माह्या हातची वायर आजवर जळली नाही." फुशारकी नव्हती, खरंच जळली नव्हती. दुकानाला पाटी नव्हती, माणसाला हाव नव्हती, कुणी जयभीम घातला की जयभीम आणि रामराम घातला की रामराम, सगळ्यांशी सारखं. अभिमान म्हणाल तर तेवढ्या एका वाक्याचा होता.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस पुरा कळायचा नाही.

माझा स्वतःचा ट्रक होता. जिल्हा फुटून भंडाऱ्याच्या गाड्यांना नवा नंबर आला, त्याच्या आधीची जुन्या नंबरची गाडी. एका राइस मिलचं काम बांधून होतं. गावोगावचं धान मिलमध्ये आणायचं आणि तांदूळ नागपूरला पोहोचवायचा. मिलचे शेठ माणूस वाईट नव्हते, पण मालाच्या बाबतीत कडक. आदल्या वर्षी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला नीट दिसत नाही असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला माल मिळणं बंद झालं. आणि एका मिलने सोडलेल्या माणसाला दुसरी मिल बोलावत नाही. तो माणूस पुढे घरी बसूनच राहिला.

त्या दिवाळीनंतर मला उजेड कमी पडू लागला. मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी रिफ्लेक्टर बदलले, रिले टाकला. महिनाभरात पुन्हा गेलो, म्हटलं अजून कमीच आहे. फॉग लाइट बसवून दिले. पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा गेलो आणि शंभर वॅटचे बल्ब मागितले. समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती उजेडाची मोठमोठी कडी पडत, सगळं पांढरं होऊन जाई, आणि ती गेल्यावर बराच वेळ काळोख. माझी पक्की समजूत की साऱ्या दुनियेने दिवे वाढवले आणि माझेच मागे राहिले. अशी समजूत करून घेणं सोपं असतं. दिवा बदलता येतो.

मिस्त्री या वेळी वाद घालत बसले नाहीत. संध्याकाळपर्यंत थांब म्हणाले.

दिवस मावळल्यावर त्यांनी चार रिकामी पोती सायकलच्या कॅरिअरला बांधली. हीसुद्धा त्यांची जुनी रीत. पोती रस्त्याच्या कडेला मुरगाळून ठेवायची, बसलेल्या माणसासारखी, आणि ड्रायव्हरला विचारायचं किती दिसतात. मी गाडीत बसलो, दिवे लावले. मिस्त्री बाभळीकडे गेले, थोड्या वेळाने परत आले, सायकल दाराशी उभी केली आणि विचारलं, किती?

मी म्हटलं, चार. वर हेही म्हटलं की चारही साफ दिसतात, पण आणखी थोडा उजेड असता तर बरं.

मिस्त्रींनी कॅरिअरवर थाप मारली. मग म्हणाले, "खाली पाह्य."

मी खिडकीतून वाकलो. दोन पोती अजून कॅरिअरलाच बांधलेली होती. बाभळीपाशी दोनच होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं एकही दिसलं नव्हतं. चार बांधताना पाहिली म्हणून चार सांगितली.

मी चिडलो. चोर पकडला गेला की आधी चिडतोच. तुम्ही वायरमन आहात की डॉक्टर, असं काहीतरी बोललो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, कधीपासून? तेव्हा माझ्याने राहवलं नाही. दिघोरीजवळची गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती, ती त्यांना सांगितली. धानाची बंडी होती. ती मला दिसलीच नाही, बैलाच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज आला म्हणून ब्रेक मारला. बंडीवाला खाली उतरून मला शिव्या घालत होता आणि त्याच्यामागे धानावर त्याची नात निजलेली होती. ती उठलीसुद्धा नाही.

मिस्त्रींनी हात पुढे केला. "चाबी दे. गाडीचा उजेड बरोबर आहे. डोये दाखव."

मी म्हटलं, डोळे दाखवले की शेठला कळेल. बदली ड्रायव्हर ठेवला तरी गाव विचारेल, याला काय झालं. भर हंगामात गाडी महिनाभर उभी करायला कारण काय सांगू? मिस्त्रींनी चावी खिशात टाकली आणि म्हणाले, ते माझ्यावर सोड, तू उद्याच्या गाडीने नागपूरला जा.

दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस गाडी का आली नाही ते पाहायला आला. मिस्त्रींनी त्याला सांगितलं की माझ्या हातून चूक झाली. पातळ वायरीवर मोठा बल्ब लावला, सारी वायरिंग जळली. नवी टाकायला महिना लागेल. ड्रायव्हरचा काही दोष नाही.

ही गोष्ट मला नंतर कळली. त्यांनी नुसतं सांगितलंही नव्हतं. भंगारातल्या वायरींचा एक जुडगा स्टोव्हवर धरून स्वतःच्या हाताने जाळला आणि दुकानाच्या दारात टांगून ठेवला, शेठच्या माणसाला दिसावा म्हणून. मी विचारलं, एवढं कशाला केलं? तर म्हणाले, खोटं बोलायचं तर तेही काम नीट करावं. आणि गाडीची वायरिंग त्यांनी खरोखर सगळी नवी टाकली. रोज एक-एक वायर, निवांत.

नागपूरला मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं, डावा पुढच्या उन्हाळ्यात काम कमी असताना करून घेतला. गावात सगळ्यांना सांगितलं की साळ्याकडे लग्नाचं काम आहे. बायको डोळ्यात थेंब टाकताना म्हणे, "तुमच्यापेक्षा त्या मिस्त्रीलेच अक्कल जास्त." शेठने महिनाभर दुसरी गाडी लावली आणि मी परतल्यावर माझं काम मला दिलं. उलट माझी कीव केली. म्हणाले, चांगल्या माणसाची गाडी जाळली त्या मिस्त्रीने.

परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी पुन्हा तीच परीक्षा. मिस्त्री सायकलवर गेले, आले, विचारलं किती. मी म्हटलं, तीन पोती, आणि तिसऱ्यावर एक कुत्रं चढून बसलं आहे. मिस्त्रींनी वळून पाहिलं. त्यांना कुत्रं दिसलं नाही, त्यांनी पुढे जाऊन खात्री केली. मग ते एवढे खूश झाले की रस्त्यातच उभं राहून हसत सुटले, आणि कुत्र्याने पोतं फाडेपर्यंत कुणी त्याला हाकललं नाही.

इथवर सगळं गोड वाटतं. पण वायरिंग जळली ही बातमी गावात राहिलीच. ड्रायव्हर लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? गाडी लावता लावता म्हणत, मिस्त्री, जाळू नका बरं. काही जण तर वर्षभर वडशाच्या वायरमनकडे जाऊ लागले. मिस्त्री सगळ्यांबरोबर हसत. एवढंच झालं की "माह्या हातची वायर आजवर जळली नाही" हे वाक्य त्यांनी म्हणणं सोडलं. पुन्हा कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मला ते कळत होतं. मी तिथेच स्टुलावर बसून चहा पीत असे आणि तोंड उघडत नसे. आज सांगू, उद्या सांगू, हंगाम संपल्यावर सांगू. असे चार हंगाम गेले. लाज वाटते, पण असं झालं.

मग मिस्त्रींचा हात कापू लागला. स्क्रूच्या खाचेत ड्रायव्हर बसेना. मुलगी नागपूरला दवाखान्यात नर्स होती, ती म्हणाली आता बस झालं, माझ्याकडे या. मिस्त्रींनी सामान वाटून टाकलं, सायकल गोदामाच्या चौकीदाराला दिली. जायच्या दिवशी सकाळी आम्ही दुकानासमोर खुर्च्या मांडल्या, पोहे-तर्री केली. दहा-बारा ड्रायव्हर होते. शेठही आले, नारळ आणि शाल घेऊन.

सगळे चांगलं बोलले. आसगावचा एक ड्रायव्हर होता, बोलका. त्याने मिस्त्रींची सायकलवर येण्याची नक्कल केली, एक डोळा मिटून. पोट धरून हसलो. मग तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की सारी उमर या हाताने एकच गाडी जाळली, आणि तीही या बिचाऱ्याची. पुन्हा सगळे हसले. शेठ हसले. मिस्त्रीही हसले, आणि हसताना त्यांनी मान खाली घालून शालीची घडी नीट केली.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"वायरिंग जळली नव्हती," मी म्हटलं. "मले दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता. माह्यं काम जाऊ नये म्हणून मिस्त्रीनं आपल्या अंगावर घेतलं."

शेठ माझ्याकडे पाहू लागले. मी मग पोत्यांचं सांगितलं, दिघोरीच्या बंडीचं सांगितलं, दारात टांगलेल्या जळक्या वायरीचंही सांगितलं. शेठने फक्त विचारलं, आता दिसतं का? मी म्हटलं, दिसतं, कागद आहेत डॉक्टरचे. ते म्हणाले, मग उद्या सकाळी पवनीचा माल आहे, वेळेवर ये. तो आसगावचा ड्रायव्हर उठला आणि मिस्त्रींच्या पाया पडला. मिस्त्रींनी त्याला ढकललं, चहा थंडा होऊन राहिला म्हणाले.

बसस्टॉपपर्यंत त्यांची पिशवी मी घेतली. रस्ताभर ते माझ्या दोन पावलं पुढेच चालत राहिले. मला वाटलं रागावले, एवढी वर्षं झाकून ठेवलेलं मी चारचौघांत उघडं केलं म्हणून. एसटी यायला वेळ होता. बाकावर बसल्यावर म्हणाले, "काहून सांगतलं?"

मी म्हटलं, चार वर्षं उशीर झाला.

ते हाताच्या तळव्याकडे पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "लागलं होतं मले. लोकं म्हणत वायर जळली, मी हासो. पण घरी जेवण नाही जाय." थोडं थांबून म्हणाले, "तुले बोललो नाही. तुह्यं काम होतं."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, रोज बसत होतो, आणि मला वाटत होतं हा माणूस हसतो म्हणजे त्याला चालतं.

गाडी आली. मी पिशवी आत ठेवून खाली उतरलो. मिस्त्री खिडकीशी बसले, काच सरकवली आणि वाकून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, बिघाड शोधताना पाहत तसं.

"उजव्या डोयातून पाणी येऊन राहिलं तुह्या," ते म्हणाले. "डॉक्टरले दाखव."

मी हो म्हटलं. एसटी निघाली. पाणी दोन्ही डोळ्यांतून येत होतं.